पाद्री थॉमस स्टीफन्स : बुश्टन गावापासून साष्टीपर्यंत

बोरीवलीहून दहिसरकडे जाताना मंडपेश्वराचे लेणे लागते, ते आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. खाली कातळात कोरलेले शिवाचे देवालय आणि त्याच्या माथ्यावर पडक्या भिंतींचे ख्रिस्ती मंदिर व मठ, असे ते ठिकाण आहे. इ. स. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाने वसई व तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांस तहाने दिला. त्यानंतर फ्रान्सिस्कन पंथाचे पाद्री आंतोनियो द पोर्तो येथे आले, आणि शिवाच्या लेण्याचे प्रार्थनामंदिर झाले. १७३७ साली मराठ्यांनी ही साष्टी घेतली व १७३९ साली वसई पडली. तेव्हा वरचे मंदिर ओसाड पडले आणि खालच्या लेण्यात शिवाची पूजा पुन्हा सुरू झाली. जे हुकमाने उभारले गेले, ते दुसऱ्या हुकमाने गेले. ह्या भिंतींकडे पाहून कोणी आम्हांस विचारतो की, त्या काळच्या परदेशी पाद्र्यांनी ह्या देशाच्या लोकांस असे काय दिले, की जे राज्य गेल्यावरही राहिले? त्या प्रश्नास आमच्याजवळ एक उत्तर आहे, आणि ते म्हणजे एका माणसाचे चरित्र. तो माणूस पोर्तुगीज नव्हता, आणि तो राहिला तो मुलूखही बोरीवलीचा नव्हे.

येथे वाचकांचा एक घोटाळा आधीच दूर केलेला बरा. बोरीवली, अंधेरी, ठाणे ही गावे ज्या बेटावर आहेत, त्यास साष्टी म्हणतात. गोव्यात मडगावच्या भोवतालच्या प्रांतासही साष्टीच म्हणतात. दोन्ही नावे सासष्ट गावांवरून पडली असे सांगतात. पोर्तुगीज लोक दोहोंसही एकाच नावाने लिहीत, म्हणून जुने कागद वाचताना शहाणी माणसेही चुकतात. आम्ही ज्यांची हकीकत सांगणार, ते पाद्री थॉमस स्टीफन्स गोव्याच्या साष्टीतले. पोर्तुगीज दप्तरात त्यांचे नाव एस्तेव्हाँव असे येते. ख्रिस्तपुराण नावाचा मराठी ग्रंथ त्यांनीच केला.

इंग्लंडच्या दक्षिण भागात विल्टशायर नावाचा परगणा आहे. त्यात क्लिफ पिपर्ड म्हणून एक लहान पॅरिश, आणि त्या पॅरिशीत बुश्टन म्हणून त्याहून लहान एक वाडी. तेथे सुमारे १५४९ साली स्टीफन्स जन्मले. मोठ्या शहराचे नाव ऐकून आमचे खेड्यातले बंधू कधी कधी मनात दबतात. त्यांच्यासाठी ह्या वाडीची थोडी माहिती देतो. बुश्टन ह्या नावाचा अर्थ बिशपाचे गाव. क्लिफ म्हणजे कडा, आणि पिपर्ड हे तेथील एका जुन्या जमीनदार घराण्याचे नाव. दक्षिणेस पांढऱ्या खडूच्या मातीच्या उघड्या टेकड्या आहेत. त्यांवर मेंढरे चरतात. टेकडीचा कडा उतरला की खाली चिकणमातीची, ओलाव्याची, गवताळ जमीन लागते. तेथे गाई पाळून दूधदुभते करावे आणि पनीर घालावे, हा पूर्वापारचा धंदा. कड्याच्या पायथ्याशी संत पेत्राचे जुने दगडी मंदिर आहे. ते स्टीफन्स ह्यांच्या जन्माआधीपासून उभे आहे आणि आजही आहे. इंग्लंडातील जुन्या इमारतींचा गाव न गाव हिंडून इतिहास लिहिणारे निकोलाउस पेव्हस्नर १९८३ साली वारले, त्यांस ह्याच मंदिराच्या आवारात पुरले आहे. वस्ती म्हणाल तर पॅरिशीची सर्व मिळून काही शेकड्यांचीच. आमच्या एखाद्या मध्यम गावठाणात ती सहज मावेल.

पण त्या लहान मंदिरात त्या वर्षी एक मोठी गोष्ट घडली होती. १५४९ च्या पेंटेकॉस्ट सणापासून इंग्लंडच्या प्रत्येक मंदिरात लॅटिनऐवजी इंग्रजीत उपासना करावी, असा कायदा झाला. शेकडो वर्षे लोकांनी न समजणाऱ्या भाषेत प्रार्थना ऐकिली होती. आता ती त्यांच्या चुलीजवळच्या भाषेत आली. आम्हा प्रॉटेस्टंट मंडळीस ह्यात आनंदच वाटणार. तरी खरे ते सांगितले पाहिजे. पश्चिमेकडच्या डेव्हन व कॉर्नवॉल परगण्यांतले खेडूत त्याच उन्हाळ्यात ह्या नव्या पुस्तकाविरुद्ध उठले आणि हजारो कापले गेले. पुढे १५५३ साली मेरी राणी गादीवर आली, तिने लॅटिन उपासना परत आणिली. १५५९ साली एलिझाबेथ राणीच्या राज्यात पुन्हा इंग्रजी आली, आणि जो कोणी रविवारी मंदिरात येणार नाही त्यास बारा पेन्स दंड ठरला. म्हणजे बुश्टनचा हा मुलगा दहा वर्षांचा होईतो गावातल्या उपासनेची भाषा वरच्या हुकमाने तीनदा बदलली. देवाशी कोणत्या भाषेत बोलावे ह्यावरून माणसे मरतात, हे त्या पिढीस पुस्तकात वाचावे लागले नाही.

स्टीफन्स ह्यांचे वडील व्यापारी असून त्यांचा व्यवहार लंडनात होता. १५६४ साली मुलास विंचेस्टरच्या प्रसिद्ध शाळेत घातले. तेथे लॅटिनचा अभ्यास कसून होत असे. व्याकरणाची ती शिस्त त्यांस पुढे फार उपयोगी पडली. तारुण्यात त्यांचे मन रोमन मताकडे वळले. त्या दिवसांत इंग्लंडात हे धोक्याचे होते. थॉमस पाउंड नावाचे एक श्रीमंत गृहस्थ पूर्वी राणीच्या दरबारी होते. एका समारंभात नाचताना ते पडले आणि राणीने सर्वांदेखत त्यांचा उपहास केला. तेव्हापासून त्यांनी दरबार सोडून धर्माचरणाची वाट धरिली, अशी त्यांची हकीकत सांगतात. स्टीफन्स त्यांच्याबरोबर सुमारे दोन वर्षे चाकराच्या वेषात राहिले. दोघांनी मिळून रोमास जावे असा बेत होता. निघण्याच्या सुमारास पाउंड पकडले गेले, आणि त्यांचे पुढले सुमारे तीस वर्षांचे आयुष्य बहुतेक निरनिराळ्या तुरुंगांत गेले. स्टीफन्स एकटेच रोमास पोहोचले व १५७५ च्या आक्टोबरात येशूसंघात दाखल झाले. तुरुंगातल्या मित्रास ते विसरले नाहीत. त्यासही संघात घ्यावे म्हणून त्यांनी वरिष्ठांकडे रदबदली केली आणि ती मान्य झाली.

आमच्या वाचकांपैकी कोणास वाटेल की, रोमन पाद्र्याचे चरित्र येथे कशास? पोपाच्या अधिकाराविषयी, मरियेच्या व संतांच्या विनवण्यांविषयी आमचे त्यांच्याशी पटत नाही, आणि ते पटत नाही हे आम्ही लपवीत नाही. परंतु ज्या राणीने आमच्या मताचे रक्षण केले, तिच्याच राज्यात प्रामाणिक माणसांस मनोदेवतेसाठी देशत्याग करावा लागला, हेही आम्हांस झाकून ठेविता येत नाही.

१५७९ च्या एप्रिल महिन्याच्या ४ तारखेस पाच जहाजे लिस्बनहून निघाली, त्यांपैकी एकावर स्टीफन्स होते. ह्या प्रवासाचा वृत्तांत त्यांनी गोव्यास पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत वडिलांस पत्राने कळविला. ते पत्र पुढे हॅक्लुइट ह्यांनी १५८९ साली आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले, म्हणून ते टिकले. तुतारे व तोफांच्या आवाजात जहाजे सुटली खरी. पण गिनीच्या किनाऱ्याजवळ वारा पडला आणि उकाड्यात दिवसचे दिवस जहाज जागच्या जागी राहिले. पाण्यातून उडणारे मासे त्यांनी पाहिले, जहाजामागे येणारे मोठे हिंस्र मासे पाहिले. जुलैच्या अखेरीस आफ्रिकेचे दक्षिण टोक ओलांडताना जहाज खडकांच्या अगदी जवळ गेले. पुढे वाट लांबली व ताज्या अन्नाचा तुटवडा पडला. तेव्हा हिरड्या सुजून अंग धरणारा तो खलाशांचा जुना रोग जडला. दीडशेंवर माणसे आजारी पडली आणि सत्तावीस मेली. मागल्या सफरींच्या मानाने हा तोटा थोडाच, असे जहाजावरचे लोक मानीत. हे वाक्य मुलाने बापास लिहिले आणि बापाने ते घरी बसून वाचले, ह्याचा विचार वाचकांनी करावा. ओढीने जहाज सोकोत्रा बेटाच्या बाजूस वाहवले होते. शेवटी २४ आक्टोबर रोजी गोवे दिसले. इंग्लंडातून येऊन हिंदुस्थानात कायमचा राहिलेला, आणि ज्याची नक्की माहिती आहे, असा हा पहिला इंग्रज. व्यापारी कंपनी निघायला अजून एकवीस वर्षे होती.

ते आले तो गोवे कसा होता? तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली होती. साष्टीतील देवळे १५६७ साली राशोलच्या किल्लेदाराने पाडली. १५६० पासून धर्मन्यायालय चालू होते. जुन्या धर्माची पुस्तके बाळगणे गुन्हा ठरले होते. ज्या गावकऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांतले काही मनापासून आले, काही जमीन राखण्यासाठी आले, काही भयाने आले. ज्यांस हे नको होते ते मूर्ती घेऊन नदीपलीकडे गेले. मंगेशी व शांतादुर्गा ही साष्टीतली दैवते फोंड्याकडे गेली, ती अशीच. असल्या भूमीत स्टीफन्स ह्यांस पाठविले, आणि सुमारे चाळीस वर्षे त्यांचे आयुष्य मुख्यत्वे साष्टीतच गेले. काही काळ ते तेथील संघाच्या पाठशाळेचे मुख्यही होते.

१५८३ साली कुंकळ्ळी गावात जे घडले, त्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही. त्या भागातल्या गावकऱ्यांची देवळे पाडली गेली होती आणि त्यांच्या मनात रोष धुमसत होता. जुलैच्या १५ तारखेस पाच पाद्री व बंधू, काही देशी ख्रिस्ती बरोबर घेऊन, मंदिरासाठी जागा पाहावयास तेथे गेले. त्यांचे पुढारी रोदोल्फो आक्वाव्हीवा नुकतेच अकबर बादशहाच्या दरबारातून परत आले होते. तेथे मुसलमान पंडितांशी वादविवाद करूनही त्यांच्या केसास धक्का लागला नव्हता. कुंकळ्ळीत मात्र गावकरी शस्त्रे घेऊन आले आणि पाचही जणांस व बरोबरच्या काहींस त्यांनी ठार केले. प्रेते विहिरीत टाकिली होती. ती मिळवून आणण्याचे काम स्टीफन्स ह्यांच्यावर आले व त्यांनी ते केले. पुढे पोर्तुगीज अंमलदारांनी गावकऱ्यांच्या पुढाऱ्यांस बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविले आणि तेथे त्यांची कत्तल केली. त्यांतला एक नदीत उडी टाकून निसटला, असे सांगतात. मारले गेलेले पाद्री रोमन मंडळीत हुतात्मे गणले जातात, आणि कुंकळ्ळीचे लोक आपल्या त्या पुढाऱ्यांचे स्मरण करितात. आमचे म्हणणे इतकेच की, दगा देऊन घेतलेला सूड हे शुभवर्तमानाचे काम नव्हे, मग तो कोणाच्याही नावाने घेतलेला असो.

चौतिशीतल्या स्टीफन्स ह्यांच्या मनावर ह्या प्रसंगाचा काय परिणाम झाला, हे त्यांनी आम्हांस उघडून सांगितलेले नाही. परंतु त्यांच्या हातून पुढे जे काम झाले ते पाडण्याचे नव्हे, लिहिण्याचे. त्याच वर्षी २४ आक्टोबरास त्यांनी भावास पत्र लिहिले. त्यात ह्या देशाच्या भाषांचा उच्चार गोड आहे आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे, असा अभिप्राय दिला आहे. विल्यम जोन्स ह्यांनी कलकत्त्यास हीच गोष्ट विद्वानांच्या सभेत मांडली ती १७८६ साली, म्हणजे दोनशे तीन वर्षांनी. कुंकळ्ळीस तीन महिनेच झाले होते. ज्या लोकांनी सोबत्यांस मारले, त्यांच्याच भाषेच्या सौंदर्याविषयी हा माणूस भावास लिहितो.

त्याच सालच्या अखेरीस आणखी एक प्रसंग आला. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी, जवाहिऱ्या विल्यम लीड्स व चितारी जेम्स स्टोरी हे चार इंग्रज ओर्मुझ येथे पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आले. ते हेर असावे आणि पाखंडी तर खासच, असा पोर्तुगीजांस संशय. स्टीफन्स ह्यांनी त्यांच्यासाठी खटपट केली, जामीन मिळविला, आणि नाताळाच्या सुमारास ते सुटले. त्यांचे मत काय हे त्यांनी पाहिले नाही असे नव्हे. आपल्या मंडळीत यावे, अशी त्यांची इच्छा असणारच. परंतु उपकार आधी झाला. पुढल्या वर्षी स्टोरीखेरीज बाकीचे गुपचूप पळाले व बेळगाव, विजापूर करीत आग्र्यापर्यंत पोहोचले. मागे राहिलेल्या जामीनदारांचे काय झाले असेल, ह्याची चिंता त्यांनी फारशी केलेली दिसत नाही.

आता मुख्य गोष्ट. साष्टीत लोक घरी कोंकणी बोलत, आणि पुराणे-कथा मराठीत ऐकत. स्टीफन्स ह्यांनी दोन्ही शिकून घेतल्या. एकनाथ भागवतावरील आपली टीका १५७३ साली संपवून बसले होते व १५९९ पर्यंत हयात होते. देहूस तुकारामांचा जन्म १६०८ चा. ह्या दोघांच्या मधल्या काळात गोव्यात एक इंग्रज मनुष्य मराठी पोथ्या समोर घेऊन ओवीची चाल बसवीत होता. जात्यावरची ओवी आमच्या मायबहिणींस ठाऊकच आहे. ग्रंथातली ओवी तिचीच थोरली बहीण. तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा मोकळा. परक्या जिभेस ती वळणे फार कठीण. ज्यास शंका असेल त्याने दहा ओव्या रचून पाहाव्या.

हा ग्रंथ का केला, ते ग्रंथाच्या आरंभीच कथारूपाने आले आहे. ख्रिस्ती शिक्षणासाठी लोक जमले असता त्यांतला एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्र्यास विनंती करितो. आमच्या जुन्या पुराणांस तुम्ही मनाई केली, तर त्यांच्या जागी वाचण्यास व मन रमविण्यास तसेच दुसरे पुराण आम्हांस का देत नाही, असा त्याच्या बोलण्याचा भाव आहे. हा प्रश्न त्या काळी वरिष्ठांसमोर कोणी विचारिला असता, तर तो उद्धटपणाच ठरता. स्टीफन्स ह्यांनी तो ग्रंथात घातला, छापविला, आणि त्यास काही हजार ओव्यांनी उत्तर दिले. आमच्या उपदेशक बंधूंनी हा प्रश्न नीट लक्षात घ्यावा. नव्या मंडळीस आपण सांगतो की जत्रा सोडा, तमाशा सोडा, अमके गाणे सोडा. मग संध्याकाळी दिवेलागणीनंतर ओसरीवर त्या घराने काय गावे? केवळ सोडण्याची यादी घेऊन मनुष्य किती दिवस जगेल?

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पैले पुराण छत्तीस अवस्वरूंचे, म्हणजे अध्यायांचे. त्यात जगाच्या उत्पत्तीपासून जुना करार येतो. दुसरे पुराण एकोणसाठ अवस्वरूंचे, त्यात प्रभूच्या जन्मापासून स्वर्गारोहणापर्यंतचे चरित्र. सर्व मिळून सुमारे अकरा हजार ओव्या. आरंभी आमच्या पुराणकारांच्या रीतीप्रमाणे नमन आहे, फक्त गणेश-सरस्वतीच्या जागी त्रैक्य आहे आणि मरिया व संत आहेत. मराठी भाषेची स्तुती केली आहे, ती रत्नांच्या, फुलांच्या, कस्तुरीच्या उपमा देऊन. ती आमच्या शाळांतून मुलांस पाठ करविली जाते. शब्दांची निवड पाहण्यासारखी आहे. स्वर्गास ते वैकुंठ म्हणतात. मुक्ती, पुण्य असले जुने शब्द बिनदिक्कत घेतात. परंतु बाप्तिस्मा, क्रूस असे शब्द पोर्तुगीज रूपातच ठेवितात. वैकुंठ म्हटल्याने ऐकणाऱ्याच्या मनात जुनेच चित्र उभे राहील, ही भीती आमच्याही भाषांतरकारांस वाटत आली आहे, आणि ती खोटी नाही. तरी ज्या शब्दावर आजीच्या तोंडची ओल आहे तो शब्द टाकिला, तर ऐकणाराच्या मनात काहीच उभे राहत नाही. आमच्या मते स्टीफन्स ह्यांनी पत्करलेला धोका योग्य होता. त्यांच्या भाषेत कोंकणीचे शब्द पुष्कळ मिसळले आहेत. काही पंडितांस ते खटकतात. आम्हांस खटकत नाहीत, कारण ज्यांच्यासाठी ग्रंथ होता, ते तसेच बोलत.

ग्रंथ राशोल येथे १६१६ साली छापला गेला. पण छापला तो रोमन लिपीत, पोर्तुगीज वर्णलेखनाच्या रीतीने. हे त्यांच्या मनाजोगते झाले नव्हते. १६०८ साली त्यांनी रोमास संघाच्या मुख्य वडिलांस, म्हणजे कुंकळ्ळीत पडलेल्या आक्वाव्हीवांच्याच घराण्यातील क्लाउदियो ह्यांस, पत्र लिहिले होते. ह्या देशाच्या भाषेत व ह्या देशाच्याच लिपीत पुस्तके छापलेली पाहावी, अशी आपली पुष्कळ वर्षांची इच्छा आहे, मलबाराकडे तसे झाले आहे व त्याचा मोठा फायदा झाला आहे, असे त्यात कळविले. अडचणही सांगितली. युरोपात चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, येथे जोडाक्षरे व काने-मात्रे धरून सुमारे सहाशे साचे पाडावे लागतील. साठीच्या घरातल्या माणसाचे हे मागणे होते. साचे पडले नाहीत.

तरी रोमन अक्षरात का होईना, पुराण गावोगाव गेले. रविवारी व सणाच्या दिवशी ते मंदिरात वाचीत, आणि ज्यांस अक्षर येत नव्हते त्यांनी ते ऐकून पाठ केले. १६४९ व १६५४ साली ते पुन्हा छापावे लागले. स्टीफन्स स्वतः १६१९ साली गोव्यातच वारले. इंग्लंड सोडल्यावर ते बुश्टनला परत गेले नाहीत. त्यांच्यामागे १६२२ साली त्यांची कोंकणीतील प्रश्नोत्तरी छापली गेली, आणि १६४० साली त्यांचे कोंकणीचे व्याकरण, दियोगु रिबेरु ह्यांनी भर घातलेले. हिंदुस्थानातील एखाद्या भाषेचे छापलेले हे पहिले व्याकरण मानितात. इंग्लंडातल्याच दुसऱ्या एका खेड्यातून, नॉर्दॅम्प्टनशायरमधील पॉलर्सपरीहून, चांभारकाम करणारे विल्यम केरी आले आणि त्यांनी मराठीचे व्याकरण छापिले ते १८०५ साली. आमच्या मंडळ्यांत केरीसाहेबांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या आधी दीडशेंहून अधिक वर्षे एक जण ह्या वाटेने गेला होता, हे मात्र थोड्यांस ठाऊक.

पुढे पोर्तुगीज सरकारचे मन फिरले. १६८४ च्या जून महिन्यात व्हाइसरॉय काउंट आल्व्होर ह्यांनी हुकूम काढिला की, तीन वर्षांत लोकांनी आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावे. आल्व्होरसाहेबांचा हुकूम लोकांच्या जिभेवर फारसा चालला नाही. पण देशी भाषेतल्या पुस्तकांची छपाई आटली, आणि आज त्या तीन आवृत्त्यांपैकी एकीचीही प्रत कोठे सापडलेली नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. गोव्यातून दक्षिणेस मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो बरोबर नेला, हाताने उतरून घेतला आणि घरोघर गाइला. १७८४ साली टिपू सुलतानाने त्या लोकांस धरून श्रीरंगपट्टणास नेले. १७९९ पर्यंत ते तेथे होते. पाद्री नाहीत, मंदिर नाही. त्या पंधरा वर्षांत ह्या पुराणानेच आपणांस धरून ठेविले, असे मंगळूरची मंडळी सांगत आली आहेत.

तेथल्याच हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा ह्यांनी १९०७ साली मंगळुरास ते रोमन लिपीत पुन्हा छापिले. पुढे अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट ह्यांस लंडनात, मार्सडेन नावाच्या संग्राहकाच्या ग्रंथांत, ह्याच पुराणाची देवनागरीत लिहिलेली पोथी आढळली. ॲबटसाहेबांनी आपल्या उत्तर आयुष्यात मराठी संतांचे ग्रंथ इंग्रजीत आणण्याचे मोठे काम केले. प्रॉटेस्टंट मिशनरीच्या हाती येशूसंघीयाची पोथी लागावी आणि त्याने ती आनंदाने जगापुढे आणावी, ह्याचे आम्हांस फार समाधान वाटते. लंडनच्या पोथीतली भाषा छापील पाठाहून अधिक निर्भेळ मराठी आहे. स्टीफन्स ह्यांनी प्रथम कोणत्या रूपात लिहिले, ह्याविषयी विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही.

देवनागरीत छापलेले संपूर्ण ख्रिस्तपुराण शांताराम बंडेलू ह्यांनी पुण्यास १९५६ साली प्रसिद्ध केले. सहाशे साच्यांविषयी रोमास पत्र गेले त्यास तेव्हा ३४८ वर्षे झाली होती.